व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि किडनीवरचा डाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका आईची साडेचार वर्षांची मुलगी थंडी वाजून ताप, उलट्या आणि डाव्या कुशीत दुखणं यासाठी तीन दिवस ॲडमिट होती. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला. ‘इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय’ असं सांगून इंजेक्शनं दिली आणि आता पुढचा कोर्स तोंडाने घ्यायला सिरप देऊन घरी सोडलंय. नात्यातल्या एका केमिस्ट काकांचं म्हणणं असं, की सोबत व्हिटॅमिन ए आणि ई दिलं तर किडनीवर डाग पडत नाहीत, तसे अभ्यास झालेत. शिवाय ‘लघवी साफ व्हायला’ सी आणि ‘प्रतिकारशक्तीला’ डी. तर हे सगळं द्यावं का, आणि दिल्यास अँटिबायोटिक दोन-चार दिवस आधी थांबवता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते घाईचं आहे: नाही. एक डोसही कमी करू नका. ताप उतरला, पोर खेळायला लागलं, की चौथ्या दिवशी बाटली फ्रिजच्या दारात विसरली जाते, हे मी पंचवीसेक वर्षं बघतोय. किडनीच्या इन्फेक्शनचा कोर्स साधारण ७ ते १४ दिवसांचा असतो. तुमच्या डॉक्टरांनी जितके लिहिलेत तितके. आणि ते सिरप पावडरचं असेल, तर पाणी उकळून गार केलेलं घ्या, थोडं घालून हलवा, फेस बसू द्या आणि मग बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरा. फेसालाच पाणी समजून आधीच थांबलं की औषध जास्त घट्ट होतं, डोस चुकतो. दर वेळी देताना पुन्हा हलवा.

आता व्हिटॅमिनकडे येऊ. काका अगदीच हवेत बोलत नाहीयेत, हे मला त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातला रहिवासी. मुलींमध्ये शीच्या जागेपासून लघवीच्या जागेचं अंतर कमी आणि मूत्रनलिका आखूड, त्यामुळे तो वर चढतो. मूत्राशयापर्यंतच राहिला तर जळजळ होते, सारखं लघवीला होतं. किडनीत पोचला की थंडी-ताप येतो, उलट्या होतात. तिथे त्याला मारायला शरीर पांढऱ्या पेशींची फौज धाडतं. या पेशी जी जहाल रसायनं सोडतात त्यांत जंतू मरतात, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणजे शेजारच्या किडनीच्या पेशीही भाजून निघतात. जिथे जास्त भाजतं तिथे पुढे वण धरतो. त्यालाच आपण डाग म्हणतो. व्हिटॅमिन ई ही रसायनं शमवतं आणि व्हिटॅमिन ए मूत्रमार्गाचं आतलं अस्तर दुरुस्त व्हायला लागतं. म्हणजे कल्पना तर्काला धरून आहे.

या कल्पनेवर लहान मुलांमध्ये चाचण्या झाल्या, त्यांतल्या बऱ्याच इराणमध्ये. काही मुलांना अँटिबायोटिकच्या जोडीला व्हिटॅमिन ए किंवा ई दिलं, काहींना नुसतं अँटिबायोटिक, आणि काही महिन्यांनी डीएमएसए, म्हणजे किडनीवरचे वण दाखवणारा स्कॅन करून डाग मोजले. काही चाचण्यांत व्हिटॅमिन ए घेतलेल्या मुलांमध्ये डाग कमी दिसले. ई घेतलेल्यांचा ताप आणि सारखं लघवीला होणं कमी झाल्याचंही दिसलं. पण या चाचण्या छोट्या आहेत. कुठे ए-चं एकच इंजेक्शन, कुठे दहा दिवस तोंडाने, डोसही वेगवेगळे. आणि मोजलं काय, तर स्कॅनवरचा डाग. ते मूल वीस वर्षांचं झाल्यावर त्याचं ब्लडप्रेशर कसं होतं, किडनी कशी चालत होती, हे कुणी पाहिलेलं नाही. म्हणून लहान मुलांच्या लघवीच्या इन्फेक्शनच्या ज्या मार्गदर्शक सूचना आम्ही वापरतो, त्यांत सरसकट व्हिटॅमिन द्या असं म्हटलेलं नाही. उद्या मोठी, नीट केलेली चाचणी आली तर मी मत बदलेन. आज मी स्वतः लिहून देत नाही.

आणखी एक हिशेब लक्षात घ्या. तापासकट पहिलं इन्फेक्शन झालेल्या शंभर मुलांपैकी साधारण १५ जणांच्या किडनीवर कायमचा डाग राहतो. उरलेल्या ८५ जणांना तो तसाही राहणार नसतो. त्यामुळे ‘आमच्या पिंट्याला कॅप्सूल दिल्या, डाग पडलाच नाही’ हे वाक्य पुण्याच्या कुठल्याही सोसायटीत सहज ऐकायला मिळेल आणि ते खोटंही नसेल. कॅप्सूलमुळे पडला नाही, एवढं मात्र त्यातून कळत नाही.

मग त्या १५ जणांत जायचं की नाही, हे कशावर ठरतं? बरंचसं घड्याळावर. ताप सुरू झाल्यापासून योग्य अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात किंवा शिरेत जाईपर्यंत किती तास गेले, त्यावर. अठ्ठेचाळीस तास उलटून गेले की डाग पडण्याची शक्यता चांगलीच वाढते. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अकरा महिन्यांचा एक मुलगा ताप म्हणून माझ्याकडे आला. सर्दी नाही, खोकला नाही, घसा स्वच्छ. वरचे दात येत होते, आजी म्हणाल्या दातांचा ताप, आणि मीही मान डोलावली. पॅरासिटामॉल लिहिलं. लघवी तपासायला सांगितलीच नाही. पाचव्या दिवशी ते बाळ मलूल होऊन परत आलं तेव्हा लघवीत पू होता. सहा महिन्यांनी स्कॅन केला, तर डाव्या किडनीचं वरचं टोक पुसल्यासारखं दिसत होतं. आणि त्याची आई त्याला सहाव्या महिन्यापासून रोज न चुकता, मोजून मल्टिव्हिटॅमिनचे थेंब देत होती. तिच्याकडून काहीच राहिलं नव्हतं, राहिलं ते माझ्याकडून. तेव्हापासून दोन वर्षांखालच्या मुलाला कारण न सापडणारा ताप असेल, तर मी आधी लघवी मागतो आणि मग बाकीचं बोलतो.

आता आपल्याकडच्या पिशवीबद्दल. नव्या पेशंटच्या आईला मी सांगून ठेवतो, की येताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. मागच्या पावसाळ्यात सिंहगड रोडच्या एका आईने टेबलावर पिशवी उपडी केली: भूक लागायचं मल्टिव्हिटॅमिन सिरप, कॅल्शिअमचं गुलाबी सिरप, डी-चे ड्रॉप्स, अस्वलाच्या आकाराच्या गमी आणि दुधात घालायच्या पावडरीचा डबा. आम्ही चष्मा लावून लेबलं वाचली आणि प्रिस्क्रिप्शनच्या मागे बेरीज मांडली. डी पाचांपैकी प्रत्येकात होतं. ए सिरपमध्ये २५०० युनिट, गमींमध्ये १०००, पावडरीत आणखी काही. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी औषधातून किंवा दूध-अंड्यातून मिळणाऱ्या तयार व्हिटॅमिन ए-ची रोजची वरची मर्यादा ९०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३००० युनिट धरतात. ती इथेच ओलांडली होती. या ढिगावर काकांची कॅप्सूल ठेवायची म्हणजे काय होईल ते बघा. ए चरबीत विरघळतं, लिव्हरमध्ये साठतं. एकदम जास्त झालं तर डोकेदुखी, उलट्या, लहान बाळाची टाळू फुगणं. आणि उलट्या झाल्या की घरचे म्हणणार, इन्फेक्शन परत आलं.

तुमच्या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासा: लसीकरणाचं कार्ड. सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात १ लाख युनिट आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट व्हिटॅमिन ए पाजतात, असे एकूण नऊ डोस. गेल्या काही महिन्यांत अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात तिने तो चमचा घेतला असेल तर ए-चा विषयच संपला. घेतला नसेल, तर राहिलेला डोस इन्फेक्शन बरं झाल्यावर डॉक्टरांना विचारून रीतसर घ्या. माझा अनुभव असा, की वस्तीतल्या मुलांचे डोस बहुतेक झालेले असतात आणि फ्लॅटमधल्या, खासगीत लसी घेणाऱ्या मुलांच्या कार्डावर ती ओळ कोरी असते.

ए-ची पातळी रक्तातून तपासून घेऊ का, असंही काही जण विचारतात. तापात ती तपासू नये. ताप आणि इन्फेक्शनमध्ये रक्तातली ए-ची पातळी तात्पुरती खाली जाते, काही लघवीवाटेही निघून जातं. रिपोर्टवर ‘कमी’ असं लाल अक्षरात येईल आणि तुम्ही कमतरता नसलेल्या मुलीला औषध सुरू कराल.

डी-बद्दल मी जास्त कडक आहे, आणि त्याला कारण आहे. पुण्यात मुलं शाळा, व्हॅन, क्लास आणि घर यांतच फिरतात, अंगाला ऊन लागत नाही. डी कमी निघणं सर्रास आहे. ज्या मुलांना डी कमी असतं त्यांच्यात लघवीचं इन्फेक्शन जास्त आढळतं, हेही खरं. मूत्राशयाचं अस्तर जंतूंना मारणारी काही प्रथिनं तयार करतं आणि त्या कामाला डी लागतं. म्हणून कमी असेल तर भरून काढावं, यात दुमत नाही. रोजची गरज वर्षाच्या आतल्या बाळाला ४०० युनिट, पुढे ६००. पण चालू इन्फेक्शन त्याने बरं होत नाही. आणि बाजारात मिळतं काय, तर ६०,००० युनिटची पुडी. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही मोजके आठवडे.

एका घरात ती रोज दिली गेली. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून १’ असं लिहिलं होतं, पण आजोबांना वाचताना नुसता १ दिसला. एकवीस दिवस, एकवीस पुड्या, म्हणजे साडेबारा लाखांच्या वर युनिट. तो सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला तो ‘पुन्हा लघवीचं इन्फेक्शन’ म्हणून: सारखी लघवी, सारखी तहान, भूक नाही, उलट्या, शी घट्ट. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. रक्तातलं कॅल्शिअम १४ च्या वर, म्हणजे खूपच जास्त, आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांमध्ये चुन्यासारखी पांढरी झाक. किडनी जपायला दिलेलं औषध किडनीतच जाऊन बसलं होतं. त्यानंतर मी पुडी लिहिली की चिठ्ठीवर ‘दर रविवारी’ असं लिहितो आणि तारखाही घालतो. तुमच्या घरी पुड्या असतील तर प्रत्येकीवर आजच तारीख घाला.

व्हिटॅमिन सी हा पुणेकरांचा लाडका विषय. लिंबू-संत्र्याने लघवी आंबट होते आणि जंतू मरतात, असा समज आहे. चघळायच्या गोळ्यांनी लघवी जंतू मरण्याइतकी आंबट होत नाही. जास्त मात्रेतलं सी शरीरात ऑक्झलेट होऊन बाहेर पडतं आणि त्याचे खडे बनू शकतात. गंमत म्हणजे त्याच चिठ्ठीवर बऱ्याचदा जळजळ कमी करणारं, लघवी अल्कधर्मी करणारं सिरपही असतं. एका हाताने आंबट करायचं आणि दुसऱ्या हाताने आंबटपणा घालवायचा! मुलीला लिंबू सरबत आवडत असेल तर खुशाल द्या. सरबत आणि ५०० मिलिग्रॅमची गोळी यांत फरक आहे.

सी-चा आणखी एक उपद्रव फारसा कुणी सांगत नाही. लघवी तपासायची रंगीत पट्टी असते ना, तिच्यावरची रसायनं लघवीतल्या जास्तीच्या सी-मुळे फसतात. पांढऱ्या पेशी, नायट्राइट (जंतूंमुळे लघवीत तयार होणारं रसायन), रक्त असूनही पट्टी ‘नाही’ म्हणू शकते. म्हणून लघवी द्यायच्या आधी एक-दोन दिवस सी-च्या गोळ्या बंद असाव्यात, आणि चालू असतील तर लॅबला तसं सांगावं. पण ताप असेल तर मात्र यासाठी थांबायचं नाही. सरळ कल्चर द्यायचं.

बी-कॉम्प्लेक्सने लघवी हळदीसारखी पिवळी होते. ते बी-२ आहे, कावीळ नाही आणि इन्फेक्शनही नाही. रात्री साडेअकराचे किती फोन या रंगापायी आलेत, मोजलेले नाहीत.

मग मी व्हिटॅमिन कधीच देत नाही का? देतो. मूल कुपोषित असेल, संध्याकाळी नीट न दिसून अडखळत असेल, डोळ्यांच्या पांढऱ्यावर कोरडे डाग दिसत असतील, पाय वाकलेले असतील, तर ती कमतरता आहे आणि तिचा उपचार व्हायलाच हवा. जी मुलं चार-चार आठवडे नुसत्या बिस्किट-दुधावर आहेत त्यांनाही काही काळ साधं मल्टिव्हिटॅमिन. याउलट ज्या मुलाची किडनी आधीच कमी काम करते, त्याला ए अजिबात द्यायचं नाही. ते शरीरात साठतच जातं. तुमच्या मुलीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी, डिस्चार्ज कार्डावर असेल, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

खाण्यातून मात्र हात आखडता घेऊ नका. मंडईत लाल भोपळा, गाजर, पपई आणि शेवग्याचा पाला मिळतो. यांतल्या पिवळ्या-केशरी रंगापासून शरीर लागेल तेवढंच ए बनवतं, जास्तीचं विषासारखं साठत नाही. फार झालं तर तळहात पिवळसर होतात. पचायला थोडं तेल-तूप हवं, म्हणून गाजराच्या कोशिंबिरीला वरून फोडणी द्यायची आपली पद्धत अगदी शहाणपणाची आहे. खात असाल तर अंड्याचा पिवळा भाग टाकून देऊ नका.

आणि जे कुणी विचारत नाही ते मी विचारतो: मुलीची शी कशी आहे? रोज होते का, खडे होतात का, कुंथते का? आतडं घट्ट शीने भरलेलं असलं की ते पुढे मूत्राशयाला दाबतं, लघवी पूर्ण सुटत नाही, उरलेल्या लघवीत जंतूंना घर मिळतं. पुन्हापुन्हा इन्फेक्शन होणाऱ्या तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलींमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. दुसरं, शाळेत ती लघवीला जाते का? दप्तरातली पाण्याची बाटली दुपारी भरलेलीच परत येते का? घरी आल्या आल्या चप्पल न काढता बाथरूमकडे पळते का? पाय एकमेकांवर आवळून, टाचेवर बसून लघवी धरून ठेवते का? टाचेवर बसायची ती ढब एकदा ओळखता आली की लांबूनही कळते. शाळेच्या बाईंना भेटून सांगा, की मधल्या सुट्टीआधी आणि नंतर हिला आठवण करा. घरी दर दोन-तीन तासांनी पाठवा, कमोडवर बसत असेल तर पायाखाली पाट द्या, म्हणजे पाय लोंबकळणार नाहीत. घाई न करता शेवटच्या थेंबापर्यंत बसू द्या. शी घट्ट असेल तर डॉक्टर पातळ करायचं औषध काही महिने देतील, ते दोन आठवड्यांत सोडू नका. मी जितकी इन्फेक्शनं पाटाने आणि शी पातळ करायच्या औषधाने थांबवली आहेत, तितकी व्हिटॅमिनने एकही नाही.

सोनोग्राफी झाली असेलच. डीएमएसए स्कॅनची घाई नको. इन्फेक्शनच्या काळात केला तर सूजही डागासारखीच दिसते, म्हणून कायमचा डाग बघायचा असेल तर चार ते सहा महिने थांबतात. सोनोग्राफीत काही वेगळं दिसलं किंवा इन्फेक्शन पुन्हा झालं, तर लघवी उलटी वर चढते का, म्हणजे रिफ्लक्स आहे का, हे बघायला एमसीयू, म्हणजे मूत्राशयात औषध भरून लघवी होताना काढायचे एक्स-रे, करावं लागेल. रिफ्लक्स निघाला तर रोज थोडं अँटिबायोटिक द्यायचं का, हा वेगळा विषय. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ६०७ मुलांच्या अमेरिकन चाचणीत त्याने पुन्हा इन्फेक्शन होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, पण डागांत फरक पडला नाही. रोजच्या अँटिबायोटिकची ही गत, मग गमीकडून किती अपेक्षा करायची ते तुम्हीच ठरवा.

सध्या लक्ष ठेवा ते तापावर. अँटिबायोटिक सुरू झाल्यापासून दोन-तीन दिवसांत ताप उतरायला हवा. तुमच्या मुलीचा उतरला आहे, चांगलं आहे. परत चढला, औषध उलटून पडत असेल, लघवी कमी झाली, चेहरा सुजला, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि पुढच्या काही महिन्यांसाठी लॅबमधून निर्जंतुक डब्या दोन आणून कपाटात ठेवा. सर्दी-खोकल्याशिवाय ताप आला, की अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी लघवी घ्यायची. जागा साध्या पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. तासाभरात लॅबमध्ये पोचत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही. शनिवारी रात्री ताप आला तर सोमवारची वाट बघू नका, रविवारीही चालू असणारी लॅब आणि दवाखाना कुठे आहे ते आजच विचारून फोनमध्ये ठेवा. पुढच्या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा रिपोर्ट आणि काकांनी दिलेल्या सकट सगळ्या बाटल्या पिशवीत घ्या, आणि मुलीचं ब्लडप्रेशर लहान मुलांच्या पट्ट्याने मोजायला सांगा.